एबी फॉर्म कोणाला मिळतो? कायदामंत्र्यांना नाशिकहून पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी पंचवटीत राहणारा निवृत्त शिक्षक. पक्ष उमेदवार कसे निवडतात, याबद्दल हे पत्र. गेल्या महापालिका निवडणुकीआधी एका पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आमच्या वस्तीतल्या वडार समाजाच्या एका ताईंबरोबर मी गेलो होतो. रेशनकार्ड, नळजोडणी, दवाखाना, लोकांच्या कोणत्याही कामाला पंधरा वर्षे याच ताई धावतात. समितीचा पहिला प्रश्न, "प्रभागात तुमच्या समाजाची मते किती?" दुसरा, "खर्च किती करू शकाल?" तिसरा प्रश्न आलाच नाही. कामांची फाइल ताईंच्या मांडीवर तशीच राहिली. अखेरच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, दुसऱ्याच कोणाच्या हाती पडला. का, हे पक्षाने सांगितले नाही, आणि सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाहीही.

आमच्या महापालिकेत १२२ जागा आहेत आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. पॅनेल बसवताना आरक्षित जागा नियमाने भरल्या जातात. वडार समाजासारखे भटके-विमुक्त नागरिकांच्या मागास प्रवर्गातच (ओबीसी) मोजले जात असल्याने तिथेही संख्येने मोठ्या जाती पुढे सरकतात. उरते ती खुली जागा. खुली म्हणजे सर्वांची. पण पक्षांच्या बैठकीत तिचा अर्थ प्रभागातल्या सर्वांत मोठ्या समाजाची, असाच लावला जातो. जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा. बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव. बाकीच्या दहा ठिकाणी दलित किंवा आदिवासी कार्यकर्त्याचे नाव मोठ्या पक्षांच्या यादीत किती वेळा चर्चेला येते? मुस्लिम उमेदवार म्हटले की मुस्लिमबहुल मालेगाव मध्यच का आठवते? आणि राखीव जागांवरही, कातकरी किंवा भिल्ल तरुणाचा अर्ज कोण गांभीर्याने वाचतो?

"निवडून येणार नाही" हे उत्तर मला मान्य नाही. बायकांबद्दलही हेच म्हटले जात होते. आज महापालिकेत निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि त्या सर्व भरतात. ज्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या सत्याग्रहात पुढे असलेले दलित नेते दादासाहेब गायकवाड यांना नाशिकच्या मतदारांनी १९५७ साली लोकसभेत पाठवले. मतदाराला दोष देण्याआधी, त्याच्यापुढे नाव कोणाचे ठेवले जाते ते पाहावे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९अ नुसार नोंदणीसाठी पक्षाने राज्यघटनेशी आणि लोकशाहीच्या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यायची असते. उमेदवार कसा निवडायचा, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली, २०१५ च्या २५५ व्या अहवालात तीच पुन्हा केली. हे अहवाल आपल्याच मंत्रालयाकडे आहेत. जर्मनीत पक्षाच्या सभासदांनी किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने उमेदवार निवडणे कायद्याने बंधनकारक आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत, मतांच्या प्रमाणात जागा मिळतात त्या निवडणुकीच्या पक्षयादीत महिला, दलित, आदिवासी जनजाती, मधेशी, थारू, मुस्लिम यांना स्थान देण्याची तरतूद आहे. शेजारच्या देशाला हे सुचले, आपल्याला का सुचू नये?

सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवारांबाबत सांगितले, की त्यांना का निवडले याची कारणे पक्षाने जाहीर करावीत आणि निव्वळ जिंकून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. मग निवडीची कारणे सर्वच उमेदवारांबाबत का विचारू नयेत?

माझी मागणी साधी आहे. कलम २९अ मध्ये दुरुस्ती करा. प्रत्येक पक्षाने निवडीची पद्धत आधी लेखी जाहीर करावी, स्थानिक सभासदांचे मत घ्यावे, आणि किती जणांनी अर्ज केले, त्यांतून कोणत्या समाजघटकांना तिकीट मिळाले, विशेषतः खुल्या जागांवर, याची माहिती निवडणूक आयोगाला द्यावी. यामुळे जातीयता वाढेल, असे काही मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. जातीची मोजणी बंद दाराआड रोज होतेच. ती उजेडात व्हावी, इतकेच मी मागतो.

ताई पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करणार आहेत. त्याआधी हे दुरुस्ती विधेयक संसदेत येईल का, हे कृपया लेखी कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पंचवटी, नाशिक