तबल्याला पुडी घालायचीय आणि ग्रामसभेत हात वर करायचाय

नमस्कार गावकरी मंडळी, आणि गाव सोडून पणजी, फोंडा, वास्को, मुंबई, दुबईकडे असलेले आपले सगळे लोक,

चवथ झाली, गणपती पोचवले, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची) उतरवली, आता जो तो आपल्या कामाला लागला म्हणून हे आत्ता लिहितोय. चवथीच्या गडबडीत पैशाचं बोललं की कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि तेव्हा तुमच्या दारात आधीच चार-पाच पावतीपुस्तकं येऊन गेलेली असतात, त्यातलं एक आमचंही असतं म्हणा.

विषय आपल्या मंडळाच्या वर्गाचा आहे. शनिवार-रविवार, बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत चालतो तो. पेटी, गायन, तबला, पखवाज, घुमट (आपलं मातीच्या मडक्याचं वाद्य), आणि महिन्यातून दोन रविवार नाटक. यंदा तिसरं वर्ष, आज पटावर ४१ मुलं आहेत, त्यात मुली २३. फी नाही. आणि या "फी नाही" वरूनच गावात बरीच चर्चा चालते, म्हणून ते आधी सांगून टाकतो.

पहिल्या वर्षी आपण महिन्याला २०० रुपये फी ठेवली होती. २०० म्हणजे काय मोठे, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं, मलाही वाटलं. जूनमध्ये ६३ मुलं आली आणि डिसेंबरपर्यंत २८ उरली. आम्ही म्हटलं मुलांना गोडी नाही, मोबाईलमुळे वगैरे. मग एका मीटिंगला आमच्या तबल्याच्या सरांनी हजेरीचं रजिस्टर उघडून गळालेली नावं वाड्यांप्रमाणे वाचून दाखवली तर देवळाजवळच्या वाड्यावरचं एकच मूल गेलेलं आणि बाकी सगळी वरच्या दोन वाड्यांवरची आणि चिऱ्यांच्या खाणीवर कामाला असलेल्यांची. म्हणजे गोडीचा काही प्रश्नच नव्हता. घरात दोन मुलं असली तर ४०० होतात, पावसात काम बंद असलं की ते ४०० जड जातात, आणि फी थकली की आईबाप मूल पाठवायचंच बंद करतात, लाज वाटते म्हणून, कोणी येऊन सांगत नाही की जमत नाही. दुसऱ्या वर्षी फी काढली. गेलेली काही परत आली. सगळी नाही आली, हेही खरं आहे.

त्यातली एक मुलगी सहावीत आहे, वडील चिऱ्यांवर, आई दुसऱ्याच्या बागायतीत. ती येताना चार वर्षांच्या भावाला घेऊन येते कारण घरी कोणी नसतं. ती पखवाज शिकते आणि तो सतरंजीवर झोपतो. धुमाळी ताल जोरात चालू असला तरी झोपतो. आम्हाला एक सतरंजी जास्तीची घ्यावी लागली, आता अजून तीन भाऊ-बहिणी तशाच येतात, तेव्हा खर्चात सतरंजी हा आयटम दिसला तर हसू नका.

आता "फुकट दिलं की किंमत राहत नाही" म्हणणाऱ्यांना. फुकट काहीच नाही हो. आज ते देणगीतून चालतंय आणि आमचं म्हणणं आहे की ते पंचायतीच्या पैशातून चाललं पाहिजे, म्हणजे तुमच्याच घरपट्टीतून. रस्त्यावरचा दिवा लागतो तेव्हा कोणी म्हणत नाही की ज्याच्या घरासमोर आहे त्याने बिल भरावं.

आपल्या गोव्याला कलाकारांची खाण म्हणतात, भाषणात तर हमखास. खरंच आहे ते. पण ती माणसं शिकली कशी ते कोणी सांगत नाही. केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीतल्या (आपल्या सत्तरीतली केरी वेगळी, दरवेळी कोणीतरी चुकतो), जन्म १८९२ चा, गाणं शिकायला लहानपणीच कोल्हापूर गाठावं लागलं, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यान सोडलं त्यातल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, ती आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलीय. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की दिसतं. दीनानाथ मंगेशीचे, अभिषेकीबुवा मंगेशीचे. यातल्या प्रत्येकाला गाव सोडावं लागलं, आणि जी सोडू शकली नाहीत, ज्यांच्या घरात गाणं नव्हतं, किंवा घरात गाणं होतं पण खायला नव्हतं, त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

गोवा मुक्तीनंतर सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. १९७० पासून कला अकादमी आहे, तिथे शिकायची सोय आहे. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर, साखळी, मडगाव, कुडचडे इथे रवींद्र भवनं. मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावाने भजन स्पर्धा होते, तीत मुलांचा वेगळा गट असतो. दुसऱ्या राज्यातले लोक ऐकतात तेव्हा चाट पडतात की एवढ्याशा राज्यात एवढं. पण वरच्या वाड्यावरून पणजी ४०-४५ किलोमीटर, आणि साखळीला जायचं म्हटलं तरी जाताना बस मिळते, क्लास सुटल्यावर परतीची नाही. मग कोण जातो? ज्याच्या बापाकडे कार आहे तो, किंवा ज्याची आई स्कूटर चालवते आणि दोन तास बाहेर बसून राहू शकते ती. इमारत सरकारी, मास्तर सरकारी, पण दारापर्यंत पोचायचं तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं, आणि सगळं अडतं ते तिथेच.

दुसरं म्हणजे अनुदान मिळतं ते कार्यक्रमाला. महोत्सव करा, स्पर्धा करा, बॅनर लावा, फोटो काढा, बिलं जोडा, मग पैसे. आम्ही एकदा एका योजनेत अर्ज केला होता, आधी खर्च करायचा आणि मग मिळणार असं होतं, खजिनदाराने स्वतःचे घातले आणि ते यायला अकरा महिने लागले, त्या अकरा महिन्यांत त्याच्या बायकोने मंडळाबद्दल काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण दर शनिवारी साडेतीन वाजता मास्तर येऊन सा लावून घेतो, त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत ना. त्याचा फोटो पण चांगला येत नाही. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती आहे, १० ते १४ वयाच्या मुलांना, चांगली आहे, पण तिच्या परीक्षेत काहीतरी सादर करावं लागतं म्हणजे मूल आधी कुठेतरी शिकलेलं हवं, आणि आम्ही बोलतोय ते त्या "आधी" बद्दल.

कोणी म्हणेल देणगीदार आहेत की. होते! ज्यांना आठवतं त्यांना आठवतं, लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तेव्हा आपल्या जत्रेच्या नाटकाला पैसे कमी पडले असं कधी झालं नाही, ट्रकवाले पावती न बघता द्यायचे, पडदे, लाईट सगळं येत होतं. २०१२ च्या सप्टेंबरला खाणी बंद पडल्या आणि पुढच्या जत्रेला आपलं पावतीपुस्तक अर्धंसुद्धा भरलं नाही. नंतर थोडं सावरलं तर २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद. तेव्हा लहान मुलांचं भजनी पथक होतं आपलं, ते त्या वर्षी मोडलं ते मोडलंच. देणाऱ्याची चूक नव्हती, त्याच्या दारात हप्ते न भरलेला टिप्पर उभा होता. म्हणून म्हणतो, खनिजाच्या भावावर मुलांचा तबला चालवू नये.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्या समाजकार्याला देतात त्या पैशाचं पण विचारतात सारखं. कंपनी कायद्यात कला-संस्कृतीवर खर्च करायला मुभा आहे, पण घेणाऱ्या संस्थेकडे आयकर सवलतीची (१२ए, ८०जी) आणि कंपन्यांकडून पैसे घेण्यासाठीची (सीएसआर-१) नोंदणी लागते, आपल्याकडे साधी सोसायटीची नोंदणी आहे. बाकीचं करतोय, सीएकडे कागद दिलेत. तोपर्यंत तुम्ही दिलेल्या देणगीवर टॅक्स वाचणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, नंतर रुसू नका.

आता हिशेब. ऑक्टोबर ते मे, आठ महिने, महिन्याचे आठ दिवस वर्ग. दोन मास्तर बाहेरून येतात, एक गायन-पेटीचे, एक तबला-पखवाजचे, दिवसाला प्रत्येकी ७०० रुपये मानधन, पेट्रोल त्यातच, म्हणजे आठ महिन्यांचे ८९,६०० होतात. नाटकाचा आपला गावातलाच आहे, तो काही घेत नाही, चहा मात्र दोनदा लागतो. वरच्या दोन वाड्यांवरची मुलं काळोख पडायच्या आत घरी सोडायला गाडी, दिवसाला ६०० प्रमाणे ३८,४००, आणि ही गाडी बंद केली तर अर्धा वर्ग जाईल, विशेषतः मुली जातील, तेव्हा कृपा करून "यात काटकसर करा" म्हणू नका, दोन वेळा करून बघितलीय. शनिवारचा भाजीपाव १६,०००. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक आणि प्रवेशिका मिळून १२ मुलं, फी आणि केंद्रावर नेणं-आणणं १४,०००. वाद्यं २२,०००, त्यात दोन तबल्यांना पुडी, म्हणजे वरचं चामडं, घालायचीय, एकाची शाई उडालीय आणि दुसऱ्यावर कोणीतरी दप्तर ठेवलं होतं, आणि त्या सतरंज्या पण यातच.

घुमटांचे पैसे पण यातच आहेत. २०१९ ला घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं, टाळ्या वाजल्या, छान झालं. पण मडकं डिचोलीच्या कुंभाराकडून आणावं लागतं आणि वर चामडं चढवावं लागतं, पूर्वी घोरपडीचं असायचं ते आता कायद्याने बंद आहे आणि बंदच असलेलं बरं, बकऱ्याचं घालतो, ते दमट हवेत उतरतं, सारखं तापवावं लागतं, पोरांच्या हातात फुटतातही. सहा हवी आहेत. यंदा चवथीला आपल्या मुलींनी तीन घरांत आरतीला घुमट वाजवलं, घुमटाच्या साथीचं शामेळ वाजवणारीही मुलगीच होती, एका आजोबांनी आधी तोंड वाकडं केलं आणि नंतर स्वतःच उठून कासाळं (मोठे टाळ) घेतलं.

एकूण १,८०,०००. जवळ आहेत ५२,०००. पाहिजेत १,२८,०००.

या वर्षापुरतं हे देणगीतून मागतोय. पुढच्या एप्रिलपासून मास्तरांचं मानधन आणि गाडी पंचायतीने उचलावी असा ठराव ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडतोय. पंचायत सचिवांशी बोलून झालंय. त्यांनी सांगितलं की वित्त आयोगाच्या निधीतून पगार-मानधन देता येत नाही, त्यामुळे घरपट्टी, लायसन्स, बांधकाम परवान्याच्या फीतून पंचायतीचं जे स्वतःचं उत्पन्न असतं त्यातून मागा. घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतीकडे सोपवायचे २९ विषय आहेत, त्यात "सांस्कृतिक कार्य" हा २१ वा, म्हणजे आम्ही काही आडरानातलं मागत नाही. एका पंचाचा विरोध आहे, त्याचं म्हणणं गटारं आधी. गटारं पाहिजेतच, पण गेल्या वर्षी बजेटमध्ये स्वागत कमानीला पैसे होते तेव्हा गटारं कोणाला आठवली नव्हती.

हा ठराव पास व्हायला माणसं लागतात. गेल्या ग्रामसभेला आमचे सात जण होते, त्यातले दोघे मध्येच उठून गेले, एकाचं दूध उतू जात होतं म्हणे. ज्यांची मुलं वर्गात येत नाहीत त्यांनी तर नक्की या, कारण ज्यांची येतात त्यातल्या काहींचं नाव मतदार यादीत इथे नाही, ते भाड्याच्या खोलीत राहतात, ग्रामसभेत त्यांना हात वर करता येत नाही. तो हात तुम्हाला करावा लागेल. पंचायतीची नोटीस लागली की तारीख ग्रुपवर टाकतो, रविवारच असेल, त्या दिवशीचा वर्ग दुपारी घेऊ म्हणजे कोणाची सबब नको.

देणगी रोख किंवा मंडळाच्या खात्यावर, क्यूआर देवळाच्या सभामंडपातल्या फलकावर आणि शाळेच्या दाराला लावलाय, खजिनदाराकडून पावती घ्या, न मागता देईलच तो. १०० रुपयेही चालतात. बॅनरवर नाव येणार नाही कारण बॅनरच करत नाही आहोत, पण महिन्याचा जमाखर्च त्याच फलकावर लावतो, भाजीपावसकट. कोणाला एकाच मुलाचा खर्च उचलायचा असेल तर तसं करू नका प्लीज, कोणत्या मुलाचा कोण दाता हे मुलांना कळतं आणि मग ती पोरं तुमच्यासमोर नीट उभी राहत नाहीत. द्यायचे ते वर्गाला द्या.

देव बरें करूं सगळ्यांचं.

आणि हो, एक राहिलं. जुन्या घरांत माळ्यावर, कोठीत कितीतरी पेट्या पडून आहेत, आजोबा वाजवायचे, आता कोणी हात लावत नाही. विकत नसाल तर वर्गाला द्या, वापरायला म्हणून दिली तरी चालेल, चिठ्ठीवर लिहून देतो. उंदरांनी भाता खाल्ला असला तरी आणा, दुरुस्त करणारा माणूस आहे आपल्याकडे.