साहेब, आमचा दावा पुन्हा पहिल्या पायरीवर आला

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात. शेजाऱ्यानं दर पेरणीला धुऱ्यात, म्हणजे मधल्या बांधात, नांगराचं एकेक तास जास्तीचं घालत सात गुंठे ओढले, असा बाबांचा दावा. २००४ साली तो तालुक्याच्या कोर्टात दाखल झाला, २०१२ ला निकाल आमच्या बाजूनं लागला. शेजारी अपिलात गेला. सहा वर्षांनी वरच्या कोर्टानं सांगितलं: दोन्ही वावरांची एकत्र मोजणी झालेली नाही, निकाल रद्द, दावा खाली पुन्हा चालवा. वकील म्हणाले, "काका, आपण हरलो नाही." बाबांनी विचारलं, "मंग जिंकलो का?"

मोजणी राहिली होती, हे खरंच. शेजाऱ्यालाही न्याय मिळायलाच हवा. पण तेवढ्यासाठी सगळा निकाल कशाला पुसायचा? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २५ प्रमाणे अपील आपल्याकडेच ठेवून राहिलेला मुद्दा खाली पाठवता येतो आणि त्यावरचा निष्कर्ष परत मागवता येतो. पुरावा पुरेसा असेल तर नियम २४ प्रमाणे तिथंच निकाल देता येतो. फेरसुनावणीचे आदेश सर्रास देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही वारंवार बजावलं आहे.

२०२० मध्ये बाबा गेले. वारस म्हणून मी आणि बहीण रेकॉर्डवर आलो. हद्दीचा दगड डोळ्यांनी पाहिलेला आमचा जुना साक्षीदार आता उलटतपासणीचा प्रश्नच ऐकू शकत नाही. कोर्टानं मोजणीचा हुकूम काढला, भूमापक आला तो ऑक्टोबरात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, छातीला लागत होती. धुऱ्यावर उभा राहून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, "यात टेप कशी ओढू?" म्हणाला आणि मोटरसायकल वळवली. पुन्हा कोर्टाची पेशी, पुन्हा पत्रव्यवहार.

निकालात तुम्ही बोट घालू शकत नाही, हे कळतं मला. पण कोर्टाच्या हुकमाच्या मोजण्या आधी उरकण्याबद्दल महसूल खात्याशी तर बोलता येईल? आणि कोणत्या जिल्ह्यात किती दावे असे परत पाठवले, त्यातले किती त्याच कारणानं पुन्हा अपिलात गेले, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा, अशी विनंती उच्च न्यायालयाला करता येईल. आमच्यासारखे किती, ते तरी समजू द्या.

फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटली की वावर मोकळं असतं. जूनमध्ये पुन्हा पेरणी. मोजणारा माणूस त्या मधल्या महिन्यांत यावा, एवढं बघा.

आपला,
एक वादी