दिव्यांग विद्यार्थ्याचे पदवीनंतर काय होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्या वर्तमानपत्रे आवर्जून छापतात, आणि ते योग्यच आहे. मात्र पाच-सात वर्षांनी त्याच विद्यार्थ्याला काम मिळाले का, मिळाले तर ते टिकले का, याची चौकशी सहसा होत नाही. नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवत असताना दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी परीक्षेला लेखनिक मिळवून देण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्या अनुभवातून हे पत्र लिहीत आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा समावेश झाला, ही विदर्भाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती, कारण आपल्याकडच्या अनेक आदिवासी आणि दलित कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. याच कायद्याच्या कलम ३२ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांत सिकलसेलचा विद्यार्थीही येतो. परंतु शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण सांगणाऱ्या कलम ३४ मधील यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तिन्ही आजार नाहीत. म्हणजे ज्या दाखल्यावर महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तोच दाखला नोकरीच्या अर्जाला जोडून आरक्षण मिळत नाही.

माझी एक विद्यार्थिनी सिकलसेलच्या एसएस पॅटर्नची होती, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक मिळाल्याने तिला प्रत्यक्ष आजार होता. हिवाळी परीक्षेला ती पाण्याची मोठी बाटली आणि स्वेटरवर शाल अशा तयारीने येत असे, कारण थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे या दोन्हींनी दुखणे उसळते. पाहणाऱ्याला ती धडधाकट वाटे. दुखणे सुरू झाले की मात्र तिला पेन धरवत नसे. बी.कॉम. ती चांगल्या गुणांनी झाली आणि एका खासगी कार्यालयात हिशेबाच्या कामाला लागली. पहिल्या काही महिन्यांतच तिला दोनदा मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती व्हावे लागले. दुसऱ्या वेळी परतल्यावर ‘आधी तब्येत सांभाळा’ असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले. कामात तिची चूक एकही नव्हती. आठवड्यातले दोन दिवस घरून काम किंवा टेबलाजवळ थंड हवा न येणारी जागा एवढ्यावर तिची नोकरी टिकली असती, असे मला आजही वाटते.

अशी उदाहरणे किती, हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजताना काय मोजतो यालाही महत्त्व आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) १५ वर्षांवरील दिव्यांगांमधील बेरोजगारीचा दर ४.२ टक्के आला. हा आकडा एकटा वाचला तर परिस्थिती बरी वाटेल. पण त्याच पाहणीनुसार काम करणारे किंवा काम शोधणारे दिव्यांग मिळूनच जेमतेम २३.८ टक्के होते. उरलेले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक बेरोजगारांत धरलेच जात नाहीत, कारण ते काम शोधतच नाहीत. यांत वृद्ध मंडळी बरीच आहेत, हे मान्य. नेमके म्हणूनच शिकलेल्या तरुणांचा वेगळा, आपल्या भागापुरता अभ्यास हवा. शोध कधी आणि का थांबवला, हे देशपातळीवरच्या टक्केवारीतून समजत नाही. त्या मुलाला किंवा मुलीलाच ते विचारावे लागते.

कायद्याच्या कलम १६ नुसार दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर शिक्षण पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवणे हे संस्थांचे कर्तव्य आहे, तर कलम २८ सक्षमीकरणासाठी संशोधन करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. या दोहोंना जोडणारे काम राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने हाती घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांमधून बाहेर पडलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांशी, त्यांच्या संमतीने, एक, तीन आणि पाच वर्षांनी संपर्क साधावा. मध्येच शिक्षण सोडलेल्यांना वगळू नये. खरे तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. मुलाखती घेण्यासाठी दिव्यांग पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच मानधनावर नेमावे आणि अहवाल मराठीतून प्रसिद्ध करावा, म्हणजे तो पालकांनाही वाचता येईल.

ज्यांच्यासाठी मी लेखनिक शोधले, त्या विद्यार्थ्यांच्या नोंदींची वही मी जपून ठेवली आहे. विद्यापीठाने असा अभ्यास सुरू केल्यास त्यांतील प्रत्येकाला स्वतः फोन करून, त्यांची संमती असेल तर, मी अभ्यासकांशी गाठ घालून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर