अर्धा तास तमिळ, अर्धा तास मराठी: माटुंग्याच्या मामींना आभाराचे पत्र

आदरणीय मामी,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता. शिवाय आपल्या रविवारच्या तमिळ-मराठीच्या देवाणघेवाणीत तुमच्याकडून जे मिळाले ते एकमेकांची भाषा शिकू पाहणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी शीव परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे धारावीतल्या तमिळ आज्या बऱ्याच येतात. सोबत नात किंवा सून असली तर निभावते. नसली तर दुखणे कुठे आहे एवढे खुणेने कळते, पण ते कसे आहे हे कळत नाही, आणि पाय टोचतो, जळजळतो की बधीर होतो यावरच पुढची तपासणी ठरते. तुम्हाला मराठी हवी होती ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून बोलण्यासाठी. दोघींची गरज खरी होती आणि दोघींना एकमेकींकडून काही मिळणार होते, म्हणूनच हा परिपाठ टिकला. एकीने नुसते द्यायचे आणि दुसरीने घ्यायचे असते, तर तो कधीच बंद पडला असता.

मुंबईत दोन भाषांची माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला हिंदी येते आणि मग ती जात नाही. तुम्ही पहिल्याच रविवारी मोबाइलवर गजर लावलात: अर्धा तास तमिळ, अर्धा तास मराठी, हिंदी चहाच्या वेळीसुद्धा नाही. शब्द अडला तर त्याच भाषेत वळसा घालून सांगायचे. या वळशांनीच मी बोलू लागले, कारण नेमका शब्द ठाऊक नसताना काम कसे चालवावे हे कोणत्याही पुस्तकाने मला दाखवले नव्हते.

चुका सुधारण्याची तुमची रीत तर मी सर्वांना सांगते. बोलणे चालू असताना तुम्ही अडवत नसा. वहीच्या उजव्या पानावर टिपून ठेवत असा आणि वेळ संपल्यावर त्यांतल्या दोन-तीनच, पुन्हा पुन्हा होणाऱ्या, समोर ठेवत असा. तुमच्या मराठीसाठी मीही तेच केले. तमिळमध्ये क्रियापदाचे रूप कर्त्याप्रमाणे बदलते, कर्माप्रमाणे नाही, त्यामुळे ‘मी नोटीस वाचला’ हे तुमच्या तोंडी साहजिकच येई. तुम्ही मला नियम विचारला नाहीत, ‘आणखी वाक्ये दे’ म्हणालात. मग मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले अशी वाक्ये मी देत गेले आणि कर्म बदलले की काय बदलते हे तुम्हीच शोधून काढलेत. भाषा जन्मापासून बोलणाऱ्याला बरोबर काय ते सांगता येते, पण ते का बरोबर हे बहुधा सांगता येत नाही. जोडीदाराकडून व्याकरणाच्या शिक्षकाची अपेक्षा ठेवू नये, हे मला तुमच्यामुळे उमगले.

तुम्ही माझ्यासाठी रुग्ण झालात, हे मी विसरणार नाही. गुडघा धरून खुर्चीत बसायचात आणि मी ‘एंगे वलिक्किदु?’ (कुठे दुखते?) विचारले की कधी ‘कुत्तुदु’ (टोचते), कधी ‘एरियुदु’ (जळजळते), कधी ‘मरत्तुप्पोच्चु’ (बधीर झाले) असे उत्तर देऊन माझा पुढचा प्रश्न काय येतो ते पाहायचात. माझ्या पुस्तकातली लेखी तमिळ ऐकून कोणी हसण्याआधीच तुम्ही ती बोलीवर आणलीत. इतकेच नव्हे, तर ‘माझी बोली माटुंग्यातल्या आमच्या घरांची आहे, तुझे रुग्ण बहुतेक तिरुनेलवेलीकडचे आहेत’ असे सांगून तुम्ही तुमच्या ओळखीच्या तिकडच्या बाईंशीही माझी गाठ घालून दिलीत. घरी जायचे तर तुमच्याकडे ‘आत्तुक्कु’, त्यांच्याकडे ‘वीट्टुक्कु’. एकाच जोडीदाराच्या बोलण्यावर विसंबले असते तर धारावीत माझी तमिळ परकीच राहिली असती. स्वतःची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारी माणसे फार थोडी असतात.

विषय आदल्या आठवड्यात ठरवण्याचा आग्रहही तुमचाच. ‘कशी आहेस, काय जेवलीस’ यावर अर्धा तास जात नाही. माझ्या मते आपला सर्वांत चांगला रविवार तंजावरचा होता: बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो लेख लहानपणी पाहिला पण वाचता आला नाही, हे तुम्ही संपूर्ण मराठीत सांगितलेत. मला त्यातले काही ठाऊक नव्हते, म्हणून मी खरोखरच प्रश्न विचारत होते आणि तुम्ही गजराकडे न पाहता बोलत होतात.

यंदा सभेत तुम्ही पाण्याच्या टाकीच्या खर्चावर मराठीतून बोललात आणि सचिवांनी ते इतिवृत्तात नोंदवले, याचा मला फार आनंद आहे. माझ्या बाजूने सांगायचे तर आता रुग्णाच्या नातीला मी बाहेर बसायला सांगू शकते, आणि नातीसमोर ज्या गोष्टी आजी बोलत नाहीत त्याही मग कळतात.

आमच्या विभागातील एक सहकारी गुजरातीसाठी अशीच जोडीदार शोधत आहे. तिला मी तुमच्या वहीची पाने दाखवली आहेत. तुमची हरकत नसावी. येत्या रविवारचा विषय तुम्ही ठरवायचा आहे, तो कृपया आधी कळवावा, म्हणजे लागणारे शब्द काढून ठेवता येतील.

आपली कृतज्ञ,
तुमची मराठीची जोडीदार