गेटचं रिमोट, नवीन ट्यूब आणि बूस्टरचं कोटेशन

चेअरमन साहेब, नमस्कार.

कालच्या मीटिंगमध्ये गेटच्या रिमोटवरून सगळे वॉचमनवर घसरले म्हणून लिहितोय. त्याची काही चूक नाही हो. रिमोट दिवसा चालतं आणि दिवेलागणीला रुसतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी जुना रेडिओ घेऊन पार्किंगमध्ये उतरलो, आकाशवाणी नाशिक १०१.४ लावलं, गेटपाशी गाणी मस्त चालू आणि सातला लाईट लागल्याबरोबर नुसती खरखर, नवीन ट्यूबखाली गेलं की वाढते, लांब गेलं की कमी. वॉचमनला पार्किंगचा एमसीबी (लाईटचा मुख्य स्विच) पाडायला सांगितला तर आवाज साफ, आणि रिमोट पार रस्त्यावरून चाललं! दिवाळीत आपण त्या स्वस्तातल्या एलईडी ट्यूब बसवल्या ना, एक उघडून बघितली, ड्रायव्हरला (ट्यूबला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटला) खरखर अडवणारा फिल्टरच नाही. ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचा सगळा कचरा वायरीतून हवेत, आणि त्यात रिमोटचा सिग्नल बुडतो. अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल जोडण्यात माझी बावीस वर्षं गेली, हा आजार ओळखीचा आहे.

सेक्रेटरी म्हणतील मग वायफाय, ब्लूटूथ कसं चालतं. एक तर त्यांची फ्रिक्वेन्सी बरीच वर, २.४ गिगाहर्ट्झ, तिथे ट्यूबची खरखर फारशी पोचत नाही. आणि ती मंडळी हुशार आहेत. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळापर्यंत चॅनल बदलतं, वायफायला पलीकडून पोच आली नाही तर तेच परत पाठवतं, म्हणून शेजारी मायक्रोवेव्ह चालू असला की व्हिडिओ अडखळतो पण मरत नाही. आपलं रिमोट बिचारं ४३३ मेगाहर्ट्झवर एकतर्फी ओरडतं, ऐकू गेलं की नाही ते त्याला कळतच नाही. त्यात रिसीव्हरची (गेटच्या मोटरपाशी रिमोटचा सिग्नल पकडतो त्याची) वीतभर अँटेना कुणीतरी गुंडाळून मोटरच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलीये (धन्य!). ती बाहेर काढून सरळ उभी करायला हवी.

आणि ज्याचं कोटेशन आलंय तो मोबाईलची रेंज वाढवायचा बूस्टर कृपया नको. परवानगीशिवाय बसवणं बेकायदेशीर आहे, शिवाय हलका बूस्टर टॉवरकडे सिग्नलबरोबर गोंगाटही मोठा करून पाठवतो, म्हणजे आजूबाजूच्या सोसायट्यांचे कॉल तुटणार आणि शिव्या आपल्याला. ज्यांच्या घरात रेंज नाही त्यांनी वायफाय कॉलिंग चालू करावं, बहुतेक फोनमध्ये असतं.

नवीन रिसीव्हरची ऑर्डर तेवढी थांबवा. आधी गेटजवळच्या चारच ट्यूब बदलून बघू, वॉरंटीत आहेत, बिल खजिनदार काकांकडे असेल. शनिवारी सकाळी मी शिडी घेऊन उभा आहे, लाईटवाल्याला तेवढं बोलवा.

आपला,
बी विंग, तिसरा मजला
पाथर्डी फाटा, नाशिक