मृगाच्या आधी घरी

सिॲटल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, असं दादा सांगत होता. फोनवर तुमचं अर्धं लक्ष वावरात असतं, म्हणून हे सगळं नीट लिहून कळवते. येत्या मे महिन्यात तुम्ही दोघं इकडे या. आपण, तुमचे जावई आणि नात मिळून सात रात्रींसाठी जहाजाने अलास्काला जाऊ.

मे महिना मी तुमच्या वावराकडे बघूनच धरला आहे. अलास्काची जहाजं एप्रिलअखेर सुटायला लागतात आणि ऑक्टोबरात बंद होतात. पण जुलै-ऑगस्टात तुमचं निंदण, डवरणी, फवारणी, आणि पुढे सोयाबीनची सोंगणी. तेव्हा बाबांना कोणी हलवू शकत नाही. मेमध्ये तूर-हरभरा घरात आलेला असतो, सालगडी पाडव्यालाच ठरलेला असतो, राहिलेली वखरणी दादा करून घेईल. रोहिण्या सरायच्या आत तुम्ही घरी असाल, मृगाच्या पेरणीला बाबा बांधावर हजर. आणि त्या किनाऱ्यावर एप्रिल ते जून हेच त्यातल्या त्यात कमी पावसाचे महिने. केचिकन नावाच्या गावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे बघावंच लागतं.

आई, तुला एसटीतही मळमळतं, ते मी विसरलेले नाही. सिॲटलहूनही जहाज निघतं, पण ते बराच वेळ उघड्या समुद्रातून जातं. म्हणून कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघायचं. आमच्या घरापासून गाडीने तीन-चार तास. तिथून जहाज बेटांच्या आडोशाने जातं, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये पाणी. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घेऊ, तिथे हेलकावे कमी लागतात. बाहेर बसायला छोटी गॅलरी असेल, म्हणजे तुला गर्दीत जायला नको.

बाबा, तुमच्यासाठी मी स्कॅगवे हे गाव मुद्दाम निवडलं. १८९७-९८ साली सोनं सापडल्याच्या बातमीने हजारो माणसं तिथे उतरली आणि बर्फाच्या खिंडी चढून पलीकडे गेली. त्यातल्याच एका खिंडीतून १८९८ ते १९०० या काळात रेल्वे बांधली, तीन फुटी रुळांची. आपली यवतमाळची शकुंतला रेल्वे अडीच फुटी. समुद्रकाठून निघून ही गाडी बत्तीस किलोमीटरमध्ये जवळजवळ पावणेनऊशे मीटर चढते, कडा कोरून काढलेल्या वाटेने. खाणी बंद पडल्या तशी १९८२ मध्ये गाडीही थांबली. पण १९८८ मध्ये लोकांनी बघायला यावं म्हणून ती पुन्हा सुरू केली, आणि आज जहाजं भरभरून माणसं त्या गाडीत बसायला जातात. शकुंतला बंद झाल्यावर तुम्ही दारव्ह्याच्या फलाटावर नुसतेच जाऊन बसायचे, हे आईने मला सांगितलं आहे. इंग्रजांनी कापूस न्यायला बांधलेली गाडी तुम्ही आपली मानली. तुम्हाला या गाडीत खिडकीशी बसवायचं, ही माझी फार मोठी इच्छा आहे.

जुनोला हिमनदी बघू. ते अलास्काच्या राजधानीचं शहर, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही, जहाज नाहीतर विमान. त्यानंतर ग्लेशियर बे ही खाडी. १७९४ मध्ये व्हँकुव्हर नावाच्या कप्तानाची माणसं तिथे आली तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज तो बर्फ शंभर किलोमीटरच्या आसपास मागे सरकला आहे. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. हिमनदीचे कडे तुटून पाण्यात पडतात आणि तो आवाज लांबवर ऐकू येतो. नातीला हे आजी-आजोबांच्या शेजारी उभं राहून बघू दे.

थंडीला भिऊ नका. मेमध्ये दिवसा दहा-पंधरा अंश असतं. बाबा, पौषात रात्रपाळीची वीज आली की तुम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला जाता, त्यापेक्षा हे सोपं. हिमनदीजवळचा वारा मात्र झोंबतो. एकच जाड कोट घेण्यापेक्षा आत थर्मल, वर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारं जाकीट लागतं. आई, लुगड्याच्या आत लोकरी पायजमा घालायचा. कपडे मी इथे घेते, तिकडे खर्च करू नका. जहाजावर शाकाहारी जेवण आधी सांगितलं की मिळतं. घरचं शिजवलेलं मात्र नेऊ देत नाहीत. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवायच्या. जहाजावर डॉक्टर असतो पण महाग पडतो, म्हणून तुमचा विमा मी उतरवते.

"पोरीच्या पैशावर कायले फिरा लागते," असं बाबा म्हणतील. बाबा, बोंडअळीने कापूस गेला त्या साली तुम्ही माझी कॉलेजची फी थांबवली नाही. त्याचा हिशेब मी मांडत नाही. पण लेकीचं आणि लेकाचं वेगळं धरू नका, एवढं मागते.

आता घाईचं काम. अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसे लागतील. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून अर्ज आताच भरायचे आहेत. मुलाखत मुंबईला, बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने दादा सोबत येईल. दोघांच्या पासपोर्टची मुदत तपासा आणि पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो दादाकडून पाठवा. मुदत कमी उरली असेल तर आधी नागपूरला नूतनीकरण करावं लागेल. आधार आणि पासपोर्टवर आईचं नाव एकसारखं आहे का, तेही बघा.

दादा-वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्र मिळालं की फोन करा.

तुमची,
लेक