फादर ओकॅलहन आधी गणिताचे प्राध्यापक होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील नौदलाच्या पराक्रमांविषयी मराठीत अधूनमधून लेख येतात. अमेरिकेच्या ‘फ्रँकलिन’ या विमानवाहू जहाजावरील फादर जोसेफ टिमथी ओकॅलहन यांचा विषय त्यांत बहुधा एका परिच्छेदात आटोपलेला असतो: जहाज पेटले, पाद्री आगीत शिरला, जखमींना धीर दिला, पदक मिळाले. यात खोटे काहीच नाही. परंतु ज्याची सारी हयात गणित शिकवण्यात गेली अशा माझ्यासारख्याला त्यात एक उणीव फार खटकते, ती अशी की त्या दिवसाआधी हा माणूस काय करत होता हे कोणी सांगत नाही. त्यासाठी हे पत्र.

ओकॅलहन यांचा जन्म १४ मे १९०५ रोजी बोस्टनमध्ये झाला आणि १९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते येशूसंघात (जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात) दाखल झाले. त्यांना गुरुदीक्षा मिळाली १९३४ मध्ये, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. या विलंबाचे कारण येशूसंघाच्या शिक्षणपद्धतीत आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपल्यावर आणि ईश्वरविज्ञानाचा सुरू होण्याआधी संघ आपल्या उमेदवाराला काही काळ एखाद्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवायला पाठवतो; त्यामुळे या संघातला धर्मगुरू वेदीपुढे उभा राहण्याआधी फळ्यापुढे उभा राहिलेला असतो. ओकॅलहन यांनी बोस्टन कॉलेजमध्ये गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले आणि १९३८ ते १९४० या काळात वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजच्या गणित विभागाचे ते प्रमुख होते. शिकवणे हा त्यांच्या बाबतीत धर्मकार्यातून उरलेल्या वेळेचा उद्योग नव्हता, ते त्यांचे रोजचे काम होते.

७ ऑगस्ट १९४० रोजी ते नौदलाच्या राखीव दलात चॅप्लेन, म्हणजे सैनिकांचे धर्मगुरू, म्हणून रुजू झाले. या तारखेकडे सहसा लक्ष जात नाही. पर्ल हार्बरवरील हल्ला १९४१ च्या डिसेंबरातला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यास अजून सव्वा वर्ष होते आणि विभागप्रमुखाची स्थिर खुर्ची सोडण्याची कोणतीही सक्ती त्यांच्यावर नव्हती. पुढे ‘रेंजर’ या विमानवाहू जहाजावर ते होते आणि १९४२ च्या नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवण्याच्या मोहिमेत या जहाजाने भाग घेतला. जहाजावरील चॅप्लेनचे काम म्हणजे केवळ रविवारची मिस्सा नव्हे. घरच्या वाईट बातम्या सांगणे, मृतांच्या नातलगांना पत्रे लिहिणे, रात्री झोप न लागणाऱ्या पोरांचे ऐकून घेणे, हे सगळे त्यात येते, आणि त्यातली बहुतेक पोरे कॉलेजच्या वर्गात शोभावीत अशा वयाची असतात.

‘फ्रँकलिन’वर ते मार्च १९४५ च्या सुरुवातीला आले. १९ मार्चच्या सकाळी हे जहाज जपानच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर असताना एका जपानी विमानाने त्यावर दोन बॉम्ब टाकले. डेकवर इंधन भरलेली, बॉम्ब आणि रॉकेटे लावलेली विमाने उड्डाणाच्या तयारीत होती, त्यामुळे शत्रूच्या दोन बॉम्बांपेक्षा जहाजाच्या स्वतःच्या दारूगोळ्यानेच अधिक संहार केला. सातशेहून अधिक माणसे मेली. नंतरच्या गणनेत हा आकडा आठशेच्या वर गेला. धुराने भरलेल्या मार्गिकांतून चाचपडत ओकॅलहन उघड्या डेकवर पोहोचले. त्यांनी जखमींची आणि मरणासन्नांची विचारपूस केली, आणि तीही कोण कोणत्या धर्माचा आहे हे न पाहता. त्यांच्या पदकाच्या मानपत्रात याच्या पुढचा जो भाग आहे तो मला एक शिक्षक म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो: त्यांनी आग विझवणाऱ्यांच्या तुकड्या बांधल्या, त्यांना घेऊन ते आगीत शिरले, जिवंत दारूगोळा समुद्रात फेकून देण्याच्या आणि कोठारात पाणी सोडण्याच्या कामाचे मार्गदर्शन केले, आणि कललेल्या डेकवर घरंगळणारे तापलेले बॉम्ब थंड करण्यासाठी स्वतः पाण्याची नळी धरली. घाबरलेल्या, विखुरलेल्या तरुणांना एकत्र करून प्रत्येकाच्या हाताला काम देणे आणि ते काम करताना स्वतः त्यांच्या पुढे उभे राहणे, हे ज्याने वर्षानुवर्षे वर्ग सांभाळला आहे त्यालाच जमते असा माझा दावा नाही. पण ते त्याला लवकर सुचते, एवढे मी अनुभवाने म्हणू शकतो.

येथे एक शंका काही वाचकांच्या मनात येईल. धर्मगुरूने बॉम्बांना हात लावावा काय? समुद्रावरील युद्धासंबंधीच्या १९०७ च्या हेग करारानुसार पकडलेल्या जहाजावरील धर्मसेवकांना युद्धकैदी करता येत नाही आणि अमेरिकी चॅप्लेन शस्त्र बाळगत नाही. ओकॅलहन यांनी कोणावर शस्त्र चालवले नाही. शस्त्रे समुद्रात टाकून त्यांनी माणसे वाचवली, आणि या दोन गोष्टींतला फरक आपल्या लेखकांनी धूसर करू नये. ‘लढवय्या पाद्री’ हे विशेषण कानाला बरे वाटते, पण ते चुकीचे आहे.

दुसरी दुरुस्ती छायाचित्राबद्दल. डेकवर पडलेल्या एका जखमी खलाशाजवळ ओकॅलहन वाकले आहेत, हे त्या दिवसाचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र. ते पाहणाऱ्याला हा अखेरच्या क्षणाचाच देखावा वाटतो. प्रत्यक्षात तो खलाशी जगला.

२३ जानेवारी १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ओकॅलहन यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक प्रदान केले. नौदलाच्या चॅप्लेनला मिळालेले हे पहिलेच. व्हिएतनाममध्ये १९६७ साली मरण पावलेले फादर व्हिन्सेंट कॅपोडॅनो हे दुसरे, आणि लष्करात येण्याआधी ते तैवानमध्ये मिशनरी होते. पदकानंतर ओकॅलहन काय करतात हे पाहण्यासारखे आहे. ते सेवामुक्त झाले आणि १९४८ मध्ये पुन्हा होली क्रॉसमध्ये शिकवू लागले, या वेळी तत्त्वज्ञान. दुर्दैवाने लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची वर्षे आजारपणाच्या सावलीत गेली. १९५६ साली त्यांनी ‘फ्रँकलिन’वरील अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १८ मार्च १९६४ रोजी त्यांचे निधन झाले, ‘फ्रँकलिन’वरील हल्ल्याला एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस बाकी असताना. कॉलेजच्या आवारातील येशूसंघीयांच्या दफनभूमीत त्यांना पुरले आहे.

त्यांच्या नावाचे एक युद्धजहाजही झाले. १९६५ मध्ये त्याचे नामकरण त्यांच्या बहिणीने केले. ती मेरीनोल या कॅथलिक मिशनरी संघाची संन्यासिनी होती आणि युद्धकाळात फिलिपीन्समध्ये जपान्यांच्या स्थानबद्धतेत होती. (हेच जहाज १९८९ ते १९९४ या काळात ‘अस्लत’ या नावाने पाकिस्तानी नौदलात होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.) जहाज आता नाही. होली क्रॉस कॉलेजचे विज्ञान ग्रंथालय मात्र त्यांच्या नावाने आहे आणि गणिताचे विद्यार्थी तेथे आजही बसतात.

आपल्या लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री यांच्या पदाला इंग्रजीत ‘रिलिजियस टीचर’ म्हणतात, म्हणजे शिक्षक हा शब्द आपल्या व्यवस्थेने पदनामातच ठेवला आहे. म्हणूनच माझी विनंती अगदी छोटी आहे. ओकॅलहन यांच्याविषयी यापुढे जेव्हा केव्हा आपल्या पत्रात मजकूर येईल, तेव्हा ‘फ्रँकलिनवरील धाडसी पाद्री’ या शब्दांच्या आधी ‘गणिताचे प्राध्यापक’ हे दोन शब्दही छापावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त गणितशिक्षक